मनोऱ्याचा हिशेब

बारावीचे निकाल लागले की धर्मग्रामाच्या कचेरीत बाप्तिस्म्याच्या दाखल्यांसाठी वर्दळ सुरू होते. अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा असलेल्या संस्थांना तो दाखला लागतो. दाखला हाती पडला तरी पालक लगेच उठत नाहीत. अमुक खाजगी विद्यापीठात मुलाला जागा मिळते आहे, चार वर्षांचा खर्च एवढा आहे, तिथून बाहेर पडलेल्यांना पगार एवढा मिळतो असे सांगतात. तेव्हा फादर, घालावे की न घालावे, असा त्यांचा प्रश्न असतो. हा प्रश्न व्यवहाराचा दिसतो, पण तो केवळ व्यवहाराचा नाही. एका मुलाच्या शिक्षणासाठी साऱ्या कुटुंबाने किती भार उचलावा आणि त्या भाराचे मोल कशाने मोजावे, हा नीतीचा प्रश्न आहे. म्हणूनच त्याचा थोडा सविस्तर विचार येथे करावा असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाला समाजात दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे की विद्या ही पवित्र वस्तू आहे, तिच्या बदल्यात किती पगार मिळेल हे विचारणे हलकेपणाचे आहे. दुसरे असे की पगार हाच एकमेव निकष आहे, बाकी सारे बोलण्यापुरते. पहिले उत्तर ऐकायला गोड असले तरी ते बहुधा अशांच्या तोंडून येते, ज्यांची घरे केव्हाच बांधून झाली आहेत आणि ज्यांच्या मुलांना पगाराची घाई नाही. जो शेतकरी बागायतीच्या तुकड्यावर कर्ज काढतो, त्याने परताव्याची चौकशी करू नये असे सांगणे म्हणजे त्याच्या घामाची किंमत आपण शून्य धरणे होय. दुसरे उत्तर निदान प्रामाणिक असते. पण ते अर्धेच प्रामाणिक असते. कारण ते एकच आकडा वाचते, आणि तोही पुष्कळदा चुकीचा वाचते.

प्रभू येशूने हिशेबाला कधी कमी लेखले नाही. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात मनोरा बांधू इच्छिणाऱ्या माणसाचा दाखला आहे. पाया घालण्याआधी तो माणूस बसून खर्चाचा अंदाज घेतो. न घेईल तर अर्धवट मनोऱ्याकडे पाहून लोक त्याला हसतील. दाखल्याचा रोख शिष्यत्वाच्या किमतीकडे आहे, हे खरे. तरीही प्रभूने त्यासाठी निवडलेले उदाहरण हिशेबी माणसाचे आहे, आणि त्या हिशेबीपणाला तो नावे ठेवीत नाही. तेव्हा हिशेब करावा की नाही हा वाद आपल्यापुरता मिटला आहे. उरतो तो प्रश्न असा की, हिशेबात कोणाकोणाला धरायचे?

या प्रश्नासंबंधी एका जुन्या विद्यापीठाची हकिगत फार बोलकी आहे. संत जॉन हेन्री न्यूमन यांना २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी संतपद दिले आणि २०२५ साली पोप लिओ चौदावे यांनी ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले. विद्यापीठ म्हणजे काय, याविषयी त्यांनी १८५२ साली डब्लिन येथे दिलेली व्याख्याने आजही जगभर अभ्यासली जातात. ज्ञान हे स्वतःच एक साध्य आहे, ते दुसऱ्या कशाची पायरी म्हणूनच मौल्यवान ठरते असे नाही, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. विद्येला पगाराच्या तागडीत तोलू नका असे म्हणणारे आपल्या बाजूने न्यूमन यांचेच नाव घेतात. पण हे न्यूमन नुसते व्याख्याते नव्हते. ते एका खाजगी विद्यापीठाचे कुलप्रमुख होते, आणि त्या विद्यापीठाला खर्च, प्रवेश आणि मिळकत हे तिन्ही प्रश्न फार कठोरपणे भेटले.

त्या काळी आयर्लंडमधल्या कॅथलिक तरुणाला उच्च शिक्षणाच्या वाटा थोड्या होत्या. डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज १५९२ सालचे. तेथे कॅथलिकांना १७९३ नंतर पदवी मिळू लागली, परंतु तेथील मानाच्या शिष्यवृत्त्या व अधिछात्रपदे १८७३ पर्यंत त्यांना बंद होती. ब्रिटिश सरकारने बेलफास्ट, कॉर्क आणि गॉलवे येथे जी क्वीन्स कॉलेजे काढली, त्यांत धर्मशिक्षणाला स्थान नसल्याने रोमने त्यांना मान्यता दिली नाही. म्हणून आयरिश बिशपांनी १८५० साली थर्ल्स येथील धर्मसभेत आपले स्वतंत्र विद्यापीठ काढण्याचा निश्चय केला. पैसा कोठून आला? धर्मग्रामांतून गोळा केलेल्या वर्गणीतून. आणि वर्गणी देणारे लोक कोण होते? १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळातून नुकतेच वाचलेले. त्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. अशा लोकांनी चर्चमध्ये टाकलेल्या नाण्यांवर विद्यापीठाचा पाया घातला गेला.

३ नोव्हेंबर १८५४ रोजी विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा विद्यार्थी जेमतेम वीस होते. त्यांत इंग्लंडहून आणि युरोपातून आलेली संपन्न घराण्यांतील काही मुलेही होती. ज्या कुळाने बटाट्याच्या शेतातून वाचवलेला पैसा दिला, त्याच्या मुलाला तेथवर पोहोचण्याची शक्यता फार थोडी होती. दुसरी अडचण अशी की, विद्यापीठाला राजसनद मिळाली नाही. त्यामुळे त्याच्या पदवीला सरकारदरबारी किंमत नव्हती. तेथील शिक्षण उत्तम असेल, पण त्या कागदावर नोकरी मिळत नसे. विद्यार्थ्यांची संख्या वाढेना. १८५८ च्या नोव्हेंबरात न्यूमन यांनी पद सोडले.

या विद्यापीठाचा एक विभाग मात्र भरभराटीला आला. तो म्हणजे सिसिलिया स्ट्रीटवरील वैद्यकीय शाळा. १८५५ साली ती सुरू झाली आणि लवकरच विद्यार्थ्यांनी भरली. कारण उघड होते. तेथली व्याख्याने शल्यवैद्यांच्या परवाना देणाऱ्या संस्थांना मान्य होती. तेथे शिकून मुलगा डॉक्टर होऊ शकत होता, घरदार सांभाळू शकत होता. ही शाळा काढण्यात आणि जपण्यात न्यूमन यांना आपल्या सिद्धान्ताशी काही विसंगती वाटली नाही. संस्कारित बुद्धी कोणत्याही व्यवसायात अधिक चांगले काम करते, असे तर त्यांनी आपल्या व्याख्यानांतच मांडले होते. दिवसभर डब्लिनच्या पेढ्यांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी संध्याकाळचे वर्गही उघडले.

या हकिगतीतून कोणी असा अर्थ काढील की, शेवटी पोटच जिंकते. आम्हांस तो अर्थ पुरेसा वाटत नाही. आम्हांस त्यात दिसते ते असे : वर्गणीच्या वहीत एक माणूस होता, हजेरीच्या वहीत दुसराच होता, आणि जेव्हा विद्यापीठाने संध्याकाळी दार उघडले तेव्हा पहिल्याच्या जवळचा कोणीतरी आत येऊ शकला. खर्च, प्रवेश आणि मिळकत हे तीन आकडे कोणत्याही विद्यापीठाची परीक्षा करायला आवश्यक आहेत. पण प्रत्येक आकड्यामागे एक माणूस असा उभा असतो, की जो त्या आकड्यात दिसत नाही. हिशेब करणे हे पाप नव्हे; त्या माणसाला हिशेबातून वगळणे हा खरा दोष होय.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात १९८३ सालापासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळू लागली आणि उच्च शिक्षणाचा भार हळूहळू सरकारच्या खांद्यावरून पालकांच्या खांद्यावर आला. प्रवेशासाठी देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी केली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगी संस्थांना आपली फी ठरवण्याची मुभा मान्य केली. वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवता येईल, पण नफेखोरी करता येणार नाही, असेही बजावले. तेव्हा फी घेणे हा काही अपराध नाही. फी न घेता प्रयोगशाळा चालत नाही आणि प्राध्यापकांचे पगार होत नाहीत. प्रश्न आहे तो फीचा भार कोण उचलतो हा.

एक कल्पित हिशेब मांडून पाहू. चार वर्षांसाठी दहा लाखांचे कर्ज, दर वर्षाच्या आरंभी अडीच लाख उचलायचे, व्याज दरसाल दहा टक्के. शिक्षणाची चार वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. पण व्याज काही झोपी जात नाही. सरळव्याजाने तेवढ्या काळात ते साडेतीन लाख होते. साडेतेरा लाख दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला सुमारे १७,८०० रुपये हप्ता बसतो आणि एकंदर फेड २१ लाखांच्या वर जाते. माहितीपुस्तिकेत छापलेला फीचा आकडा आणि घरातून प्रत्यक्ष जाणारा पैसा यांत एवढे अंतर असते. त्यात वसतिगृह, खानावळ, अनामत आणि जाण्यायेण्याचा खर्च आम्ही धरलेलाच नाही.

या आकड्यामागे न दिसणारा माणूस कोण? पुष्कळदा ती धाकटी बहीण असते. थोरल्याच्या कर्जासाठी घराचे कागद गहाण पडले की तिच्या वेळेला तारण उरत नाही. मग तिच्यासाठी जवळचे, स्वस्तातले काहीतरी शोधले जाते, आणि तिला स्वतःलाच ते हवे होते असे पुढे सांगितले जाते. २०२४ साली राज्य सरकारने ठरावीक प्रवर्गांतील, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. सरकारच्या प्रवेशफेरीतून आलेल्या मुलींना ती सवलत मिळते. खाजगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. असे बारकावे पालकांनी प्रवेशाआधी पाहिले पाहिजेत. आणि त्याहून आधी हे पाहिले पाहिजे की, एका लेकराचा मनोरा दुसऱ्या लेकराच्या विटा काढून तर बांधला जात नाही ना? ज्याला घ्यायचे आहे त्याच्याबरोबर, ज्याच्या वाट्यातून जायचे आहे त्यालाही विचारणे, हा न्यायाचा पहिला पाठ होय.

दुसरा आकडा प्रवेशाचा. शेकडा पाचच अर्जदारांना आत घेणारी संस्था थोर, असा आपला समज असतो. पण जी संस्था आधीच हुशार, आधीच सुस्थित मुले वेचून घेते, तिच्या माजी विद्यार्थ्यांच्या यशात संस्थेचा वाटा किती आणि त्या मुलांचा स्वतःचा किती? अमेरिकेत स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रश्न घेऊन केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. १९७६ साली महाविद्यालयात गेलेल्या मुलांची त्यांनी पाहणी केली. नामांकित ठिकाणी निवड होऊनही कमी नामांकित ठिकाणी गेलेली मुले पुढे जवळजवळ तेवढेच कमावत होती, असे त्यांना आढळले. अपवाद एकच महत्त्वाचा होता : गरीब घरांतील मुलांना चांगल्या संस्थेचा खरोखर मोठा लाभ झाला होता. ज्याच्या घरी ओळखीपाळखी, पुस्तके, आधार सारे आहे त्याला संस्था थोडे देते. ज्याच्या घरी यातले काही नाही त्याला ती पुष्कळ देते. आणि नेमक्या त्याच मुलाला दारातून आत येणे सर्वांत अवघड असते.

संत मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात संध्याकाळी पाच वाजताही काही मजूर चौकात उभे असतात. ते आळशी म्हणून उभे नसतात. त्यांना कोणी बोलावलेलेच नसते. मळ्याचा धनी स्वतः बाहेर जाऊन त्यांना शोधतो. प्रवेशाच्या आकड्यामागे न दिसणारा माणूस हा असा चौकात उभा असतो. एखादे विद्यापीठ किती जणांना नाकारते यावरून त्याचा मोठेपणा ठरवण्यापेक्षा, ते कोणाला शोधायला बाहेर जाते हे विचारणे अधिक ख्रिस्ती ठरेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या शिक्षणविषयक घोषणापत्रात गुणी पण निर्धन विद्यार्थ्यांना कॅथलिक विद्यापीठांत सहज प्रवेश मिळावा असे सांगितले आहे, ते याच कारणाने.

हे विचारायला आज साधनही आहे. केंद्र सरकारने शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ सालापासून जाहीर करायला सुरुवात केली. त्यासाठी संस्थांनी दिलेली माहिती सर्वांसाठी खुली असते. पहिल्या वर्षी किती मुले आली, ठरल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाली, किती जणांना नोकरी लागली, नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार किती, किती जण पुढे शिकायला गेले, हे त्यात दिलेले असते. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना असतो : किती विद्यार्थ्यांची पूर्ण फी सरकारने भरली, किती जणांची संस्थेने आपल्या पैशातून भरली आणि किती जणांना काहीच मिळाले नाही. हा रकाना आपण क्वचितच वाचतो. संस्थेचे अंतःकरण कोठे आहे हे सांगणारा तोच रकाना आहे, असे आमचे मत आहे.

तिसरा आकडा मिळकतीचा. जाहिरातीत बहुधा सर्वांत मोठे पॅकेज छापलेले असते, नाहीतर सरासरी. दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला तीन लाख आणि एकाला त्रेचाळीस लाख मिळाले, तर सरासरी सात लाख येते. सात लाख मिळवणारा असा त्या दहांत एकही नसतो. पगार चढत्या क्रमाने मांडून मधला पाहिला तर तो तीन लाख, म्हणजे महिना पंचवीस हजार. मघाच्या कर्जाचा हप्ता त्यातून वजा केला तर मुलाच्या हाती सात हजारांच्या आसपास उरतात. त्यात त्याने राहायचे, खायचे आणि घरीही पाठवायचे. शिवाय हा मध्यक नोकरी लागलेल्यांचाच असतो. ज्यांना लागली नाही ते, आणि ज्यांनी मध्येच शिक्षण सोडले ते, त्यात नसतात. कर्ज मात्र त्यांच्याही डोक्यावर असते. अमेरिकन सरकारने २०१५ साली महाविद्यालयांचा खर्च आणि माजी विद्यार्थ्यांची मिळकत दाखवणारे गुणपत्रक सुरू केले, तेव्हा त्यात अर्ध्यावर सोडून गेलेल्यांनाही धरले होते. तो हिशेब अधिक सचोटीचा म्हणावा लागेल.

मात्र मिळकतीच्या आकड्याबद्दल एक गोष्ट आणखी खोलवर पाहिली पाहिजे. पगार हा केवळ विद्यार्थ्याच्या गुणवत्तेचा आरसा नसतो. समाज कोणत्या कामाला किती मोल देतो याचाही तो आरसा असतो. रात्रपाळीत रुग्णाची कूस बदलणारी नर्स, वाडीवस्तीवरच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेणारी शिक्षिका, यांचे पगार कमी असतात. ते त्यांना घडवणाऱ्या महाविद्यालयाचे अपयश नव्हे. केवळ पगारावरून संस्थांचा क्रम लावला तर अशा माणसांना घडवणाऱ्या संस्था सर्वांत तळाला जातील आणि समाजाच्या अन्यायावर आपण गुणवत्तेचा शिक्का मारू. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली कामगारांविषयीचे परिपत्रक काढले. मजुरीचा ठराव दोघांच्या संमतीने झाला एवढ्याने ती न्याय्य ठरत नाही, कामगाराचे जीवन तीतून चालले पाहिजे, असे त्यांनी त्यात शिकवले. ही शिकवण शाळेतल्या आणि इस्पितळातल्या पगारपत्रकालाही लागू आहे. नर्सिंगला फी भारी आणि नर्सला पगार हलका, असे दुहेरी ओझे ज्या मुलीवर पडते तिला सेवावृत्तीचे प्रवचन ऐकवणे हा तिच्यावरचा तिसरा भार होय. तिची फी कमी करणे किंवा तिचा पगार वाढवणे यांपैकी एक तरी आधी झाले पाहिजे. मग सेवेविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो.

कोणी म्हणतील, एवढा विचार करायला सामान्य पालकाला सवड कोठे आहे? प्रवेशाची मुदत तीन दिवसांची असते. म्हणणे खरे आहे. म्हणूनच हा विचार एकट्या कुटुंबावर सोडू नये. वसईतील कॅथलिक समाजाने १९१८ साली आपली सहकारी पतपेढी उभी केली, ती सावकाराच्या दारी एकेकट्याने जावे लागू नये म्हणून. तीच दृष्टी आज शिक्षणाच्या बाबतीत हवी. धर्मग्रामातल्या शिकलेल्या तरुणांनी मे महिन्यात चार संध्याकाळी कचेरीत बसावे, विद्यापीठांचे तक्ते पालकांबरोबर वाचावेत, कर्जाचा हप्ता मांडून दाखवावा. जे तिथून शिकून बाहेर पडले आहेत त्यांनी आपला खरा पगार सांगावा. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. पॅकेज फुगवून सांगणारा तरुण शेजाऱ्याच्या मुलाला कर्जात ढकलतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही.

आणि आम्हां धर्मगुरूंच्या व धर्मभगिनींच्या हाती ज्या संस्था आहेत, त्यांनी हे तीन आकडे स्वतःहून प्रसिद्ध करावेत : पूर्ण खर्च किती, कोणाला आत घेतले आणि कोणाची फी भरली, आणि सर्वांत मागे राहिलेल्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले. आपल्या संस्थांवर क्रूस आहे म्हणून त्या परीक्षेतून सुटत नाहीत; उलट त्यांची परीक्षा अधिक कडक व्हावी. आयर्लंडच्या त्या कुळांनी नाणी टाकली तेव्हा त्यांनी पावती मागितली नव्हती. न मागितलेल्या पावतीचे ऋण सर्वांत जड असते.

तेव्हा वाचकहो, मुलाला घालावे की न घालावे याचे एकच उत्तर कोणत्याही फादरजवळ नाही. पण उत्तर कसे काढावे हे सांगता येते. खर्चाचा आकडा वाचताना, तो ज्याच्या वाट्यातून जाणार त्याला शेजारी बसवा. प्रवेशाचा आकडा वाचताना, दाराबाहेर कोण राहिले ते पाहा. मिळकतीचा आकडा वाचताना, सर्वांत वरच्याचा नव्हे, तर मधल्याचा आणि खालच्याचा विचार करा. कारण आपले लेकरू तेथे असण्याचाच संभव अधिक आहे. एवढे करून जो निर्णय होईल तो महाग असो की स्वस्त, त्यात कोणाचा अपमान होणार नाही आणि कोणाची फसवणूकही होणार नाही.